रकाना आणि शब्द : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भाने व्याधिग्रस्त बालकांच्या गणनेचा इतिहास

लोकसंख्येच्या इतिहासात बालकांच्या आजारपणाचा विचार बहुधा मृत्यूच्या अंगाने होतो. किती मुले जन्मली, किती वर्षाच्या आत दगावली, किती पाच वर्षांपर्यंत जगली, हे आकडे मिळतात व त्यांवर लिहिलेही जाते. पण जी मुले दगावली नाहीत आणि निरोगीही राहिली नाहीत, ज्यांना इतर मुलांहून अधिक औषधोपचार, अधिक शुश्रूषा, अधिक काळ लागली, अशा मुलांची संख्या किती होती, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या साधनांत सरळ सापडत नाही. त्याचे एक कारण वैद्यकीय आहे व ते सर्वश्रुत आहे. दुसरे कारण भाषिक आहे. मोजणाऱ्याने कोणता शब्द विचारला आणि घरातल्या माणसाने कोणत्या शब्दाने उत्तर दिले, या दोहोंमधील अंतरावर ही संख्या गेली सव्वाशे वर्षे कमीजास्त होत आली आहे. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचा भोर व वेल्हे हा डोंगरी मुलूख समोर ठेवून त्या अंतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा मुलूख दीर्घकाळ पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे संस्थानाचे पाच तालुके होते व त्यांची नावे किल्ल्यांवरून वा मावळांवरून पडलेली होती. रोहिडा म्हणजे विचित्रगड, तोरणा म्हणजे प्रचंडगड. तोरणा व राजगड हे दोन्ही किल्ले ज्या तालुक्यात येतात तो वेल्हे तालुका. त्याला अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले आहे. सुमारे ९२५ चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ लाख ५५ हजार होती. ती १९०१ मध्ये सुमारे १ लाख ३७ हजारांवर आली. मधल्या दशकात दुष्काळ व प्लेग येऊन गेले होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान असले तरी शिरगणतीच्या बाबतीत ते वेगळे राहिले नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्या दिवशी व ज्या पत्रकावर मोजणी होई त्याच पत्रकावर येथेही होई.

‘शिरगणती’ हा शब्दही या इतिहासाचा भाग आहे. त्याआधीचा ‘खानेसुमारी’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्यात मोजले जाते ते घर. शिरगणतीत माणशी डोके मोजले जाऊ लागले. ‘जनगणना’ हा संस्कृत घडणीचा शब्द त्यानंतरचा. घर मोजणाऱ्या व्यवस्थेला घरातील मुलाची प्रकृती विचारण्याचे कारणच नसते. डोके मोजू लागल्यावर ते कारण उत्पन्न झाले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीत ‘व्यंगे’ या सदराखाली चार गोष्टी विचारल्या जात : वेड, मुकेबहिरेपण, आंधळेपण व महारोग. १९०१ च्या पत्रकातील शेवटचा रकाना या चोहोंसाठी राखलेला होता. त्याविषयीच्या सूचना मोठ्या कसोशीच्या होत्या. दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल त्यालाच आंधळा लिहावे, एका डोळ्याने अधू असेल त्याला लिहू नये. जन्मापासून मुकाबहिरा असेल त्याचीच नोंद करावी, मागाहून झालेल्याची करू नये. अंगावर पांढरे कोड असेल तर तो महारोग समजू नये. एवढी काळजी घेऊनही जे आकडे आले ते चमत्कारिक होते. सबंध हिंदुस्थानात दर लाख वस्तीमागे आंधळ्यांची संख्या १८८१ मध्ये २२९, १८९१ मध्ये १६७ आणि १९०१ मध्ये १२१ अशी उतरत गेली. मुक्याबहिऱ्यांची ८६ वरून ७५ वर व तेथून ५२ वर आली. वीस वर्षांत आंधळेपण निम्म्यावर यावे असे या काळात काही घडले नव्हते. अहवालकारांनी दोन कारणे दिली. दुष्काळात जी माणसे प्रथम दगावतात त्यांत अशी परावलंबी माणसे अधिक असतात, हे एक. १९०१ मध्ये पत्रकांवरून चिठ्ठ्या उतरवून वर्गवारी करण्याची नवी पद्धत आली व शेवटच्या रकान्यातील तुरळक नोंदी उतरवताना गळाल्या असाव्यात, हे दुसरे. पहिले कारण करुण आहे, दुसरे हास्यास्पद. आणि आकड्यांच्या घसरणीत दोहोंचा वाटा किती, हे आता वेगळे काढता येत नाही.

१९०१ चे चारही सदरांचे प्रमाण एकत्र केले तर ते दर लाखी सुमारे २२९ भरते. हेच प्रमाण केवळ हिशेबासाठी भोर संस्थानाला लावले तर सव्वा लाखाहून अधिक वस्तीच्या पाचही तालुक्यांत, आबालवृद्ध मिळून, तीनशेच्या आसपास माणसे व्यंगयुक्त ठरतात. संस्थानातील खेड्यांची संख्या पाहता कित्येक गावांच्या वाट्याला एकही येणार नाही. मावळातील कोणत्याही गावातल्या वृद्धाला विचारले असते तर त्याने आपल्या एकट्या गावातली चारपाच नावे सहज सांगितली असती, अशी शंका हा आकडा पाहणाऱ्याला आल्यावाचून राहत नाही.

त्यातही मुले जवळजवळ दिसेनाशी झालेली होती. जन्मजात मुकेबहिरेपणाचे प्रमाण वस्तुतः सर्वांत लहान वयात सर्वाधिक असावयास हवे, कारण असे मूल जन्मतःच तसे असते आणि पुढे त्यांतील काही दगावतात. प्रत्यक्षात पाच वर्षांखालील मुलांत ही नोंद अत्यंत थोडी असे व पुढच्या वयोगटांत ती वाढे. अहवालकारांनी याचा खुलासा आईबापांच्या आशेवर केला : मूल आज ना उद्या बोलेल असे त्यांना वाटत असते, म्हणून ते कबूल करत नाहीत. हा खुलासा बरोबर आहे, पण अपुरा आहे. आईबाप काहीच सांगत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. ते सांगत असत, परंतु रकान्याला चालेल अशा वाक्यात सांगत नसत.

येथे मराठीच्या रचनेकडे वळणे अवश्य आहे. व्यंगाविषयी मराठीत दोन तऱ्हांनी बोलता येते. ‘तो बहिरा आहे’, ‘ती आंधळी आहे’, ‘मूल मुके आहे’ ही एक तऱ्हा. यात व्यंग हे त्या माणसाचे विशेषण बनते. ते त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि पुष्कळदा नाम होऊन त्याच्या नावाची जागाही घेते. अंध, बधिर, मूक, पंगु या संस्कृत शब्दांपासून आलेली आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सर्व रूपे आकारान्त व विकारी आहेत. दुसरी तऱ्हा ‘त्याला ऐकू येत नाही’, ‘तिला अंधारात दिसत नाही’, ‘बाळाला अजून उभे राहता येत नाही’ अशी आहे. यात मूल चतुर्थीत असते आणि क्रिया त्याच्याकडे ‘येते’ किंवा ‘येत नाही’. या वाक्यात ‘अजून’, ‘कमी’, ‘नीट’, ‘उशिरा’, ‘कधीकधी’ अशा शब्दांना जागा असते. ‘बहिरा’ या विशेषणाला त्यांचा सहवास तितकासा मानवत नाही. मोठ्या माणसाविषयी पहिली तऱ्हा चालते, लहान मुलाविषयी मात्र घरचे लोक कटाक्षाने दुसरी वापरतात. आई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला मुका म्हणत नाही. ‘बोलायला लागला नाही’ असे म्हणते. शिरगणतीच्या रकान्याला नाम हवे होते. चतुर्थीतील वाक्य घेऊन तलाठी किंवा शाळामास्तर दाराशी उभा राहिला असता त्याने तो रकाना कोराच सोडला असता, आणि सूचनेप्रमाणे ते चूकही ठरले नसते.

रकान्याबाहेर राहिलेला शब्दसंग्रह याहून मोठा होता. हाडे मऊ पडून पाय वाकणारा मुडदूस, अवचित शुद्ध हरपवणारे फेफरे, पावसाळ्यात उचल खाणारा बाळदमा, संध्याकाळ झाली की दिसेनासे करणारे रातांधळे, गळ्याचा गलगंड, तोतरेपणा, कुबड, दुभंगलेला ओठ, ही सारी नावे मराठी घरांत परिचयाची होती. बुद्धीच्या बाबतीत तर भाषेने अनेक पायऱ्या पाडल्या होत्या. वेडा, वेडसर, खुळा, मंद, भोळा हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा घातले जात नाहीत. ‘भोळा’ मुलगा गुरे राखतो, ‘खुळ्या’ मुलावर कोणीतरी नजर ठेवावी लागते, ‘वेडा’ घराबाहेर पडला तर शोधायला जावे लागते. ही वर्गवारी वैद्यकीय नव्हे हे खरे. मुलाला किती सांभाळावे लागते या मापाने ती केलेली आहे. योगायोग असा, की विसाव्या शतकाच्या अखेरीस बालवैद्यकाने जी नवी संकल्पना पुढे आणली तिचे मापही नेमके हेच होते. तिचा विचार पुढे येईल.

भाषेतील या नोंदींना गौरवाचा रंग देण्याचे मात्र कारण नाही. ज्या शब्दांत सूक्ष्म भेद आहेत त्याच शब्दांनी अशा मुलांना हाकाही मारल्या जात, आणि दुभंगलेल्या ओठाचा दोष ग्रहणात विळी हाती धरणाऱ्या गर्भवती आईच्या माथी बसे. नाव असणे आणि उपाय असणे यांत अंतर होते. मूकबधिर मुलांसाठी मुंबईत १८८५ मध्ये शाळा निघाली, पण मुंबईतील शाळा तोरण्याच्या पायथ्याच्या मुलासाठी असून नसल्यासारखीच होती.

ज्या व्याधी पुढे नाहीशा झाल्या त्यांचेही शब्दांवर ठसे आहेत. ‘देवी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात डोळे गमावलेली मुले आंधळ्यांच्या संख्येत मोठी भर घालीत. लस टोचण्यालाही मराठीत ‘देवी काढणे’ म्हणत. रोग व त्याचा प्रतिबंध एकाच नावाने चालत असत. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला. पोलिओची कथा वेगळी. अंगाचा एखादा भाग लुळा पडण्याला ‘वारे जाणे’ हा जुना वाक्प्रचार होता. पोलिओ हा शब्द मागाहून आला आणि लसीकरणाच्या मोहिमांबरोबर वाड्यावस्त्यांवर रुळला. देशातील त्याचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. या दोन रोगांच्या उच्चाटनाने व्याधिग्रस्त मुलांची संख्या घटावयास हवी होती. जनगणनेच्या आकड्यांत ती वाढलेली दिसते, आणि हा विरोधाभास उलगडण्यासाठी पुन्हा रकान्याकडेच यावे लागते.

१९३१ नंतर व्यंगांचा रकाना बंद झाला. १९४१ च्या शिरगणतीत तो नव्हता, कारण त्यातून येणाऱ्या आकड्यांवर शिरगणती करणाऱ्यांचाच विश्वास उरला नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या तीन जनगणनांतही हा प्रश्न देशभर विचारला गेला नाही. म्हणजे भोर संस्थान विलीन झाले, वेल्ह्याच्या खोऱ्यात पानशेतचे धरण उभे राहिले व १२ जुलै १९६१ रोजी फुटलेही, गावे उठली व पुन्हा बसली. या सर्व काळात येथील अशा मुलांची शासकीय मोजणी झालीच नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्यानिमित्त घरयादीत पूर्ण आंधळे, पूर्ण मुके व पूर्ण पांगळे किती, असा प्रश्न घालण्यात आला. ‘पूर्ण’ या एका विशेषणाने बहुतेकांना बाहेर ठेवले. बहिऱ्यांना तर जागाच नव्हती. देशभरात मिळून सुमारे ११ लाख माणसे निघाली. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गळाला. २००१ मध्ये दृष्टी, वाचा, श्रवण, हालचाल व मन अशा पाच प्रकारांनी तो विचारला गेला, तेव्हा संख्या २ कोटी १९ लाख झाली. २०११ मध्ये प्रकार आठ झाले व संख्या २ कोटी ६८ लाखांवर गेली. महाराष्ट्रात याच दहा वर्षांत ती १५ लाख ७० हजारांवरून २९ लाख ६३ हजारांवर पोचली. राज्याची वस्ती या दशकात सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली होती, आणि अपंगांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली.

या वाढीचे पृथक्करण केले म्हणजे व्याख्येचा हात उघड होतो. दृष्टिदोष असलेल्यांची देशातील संख्या २००१ मध्ये १ कोटी ६ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ५० लाखांवर आली. श्रवणदोषाची मात्र साडेबारा लाखांवरून ५० लाखांवर गेली. देशाची नजर दहा वर्षांत सुधारली आणि कान बिघडले असा याचा अर्थ कोणी करणार नाही. २००१ मध्ये एका डोळ्याने दिसणाऱ्यालाही अपंगांत गणले होते, २०११ मध्ये ते सोडून दिले. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला २००१ मध्ये वगळले होते, २०११ मध्ये धरले. मराठीने आंधळा आणि काणा हे दोन शब्द पूर्वीपासून वेगळे राखले आहेत. १९०१ ची सूचना या भेदाशी जुळत होती, २००१ ची जुळत नव्हती, २०११ ची पुन्हा जुळली. एकाच गावातील एकच काणा माणूस या तीन गणनांत आत-बाहेर होत राहिला असता, आणि त्याच्या डोळ्यात काहीही फरक पडला नसता.

मधल्या काळात समुदायवाचक शब्दही बदलत गेले. अपंग, विकलांग, दिव्यांग हा क्रम परिचित आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. हे तिन्ही शब्द तत्सम घडणीचे व अविकारी आहेत आणि तिघांतही ‘अंग’ आहे. ज्या मुलाला दमा आहे, फेफरे येते, रक्तात दोष आहे किंवा ज्याला जन्मभर रोज औषध घ्यावे लागणार आहे, त्याच्या अंगात दिसण्याजोगे काही नसते. शब्द अधिक आदराचा झाला हे चांगलेच झाले; पण त्याची व्याप्ती शरीराभोवतीच राहिली.

या ठिकाणी वर उल्लेखिलेली नवी संकल्पना उपयोगी पडते. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘विशेष आरोग्यगरजा असलेली बालके’ अशी व्याख्या मान्य झाली. दीर्घकाळ टिकणाऱ्या शारीरिक, विकासविषयक, वर्तनविषयक किंवा भावनिक स्थितीमुळे ज्याला इतर मुलांहून अधिक वा वेगळ्या स्वरूपाची आरोग्यसेवा लागते किंवा लागण्याचा संभव वाढलेला असतो, असे मूल तिच्यात येते. रोगाचे नाव येथे दुय्यम असते. या व्याख्येने घेतलेल्या तेथील राष्ट्रीय पाहण्यांत २००१ मध्ये १२.८ टक्के, २००५-०६ मध्ये १३.९ टक्के व २००९-१० मध्ये १५.१ टक्के बालके आढळली. भारतापुरते पाहिले तर २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत अपंगत्वाचे प्रमाण १.२४ टक्के होते. याउलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा व हैदराबाद या पाच ठिकाणी मुलांची प्रत्यक्ष तपासणी झाली आणि केवळ मज्जाविकासाचे दोष, त्यांत श्रवणदोष व फेफरेही धरून, दोन ते सहा वर्षे वयोगटात ९.२ टक्के व सहा ते नऊ वयोगटात १३.६ टक्के मुलांत दिसले. स्थळास्थळांतील तफावत मोठी होती. युनिसेफने २०२१ मध्ये जगातील अपंग बालकांची संख्या सुमारे २४ कोटी, म्हणजे दहांत एक, अशी काढली.

भोर तालुक्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार व वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. दोन्ही मिळून अठरा वर्षांखालील मुले स्थूलमानाने ७५ हजार धरली, तर १.२४ टक्क्यांनी अशी बालके साडेनऊशेच्या आत राहतात. युनिसेफच्या प्रमाणाने साडेसात हजार होतात. अमेरिकेच्या व्याख्येने व तेथील २००९-१० च्या प्रमाणाने अकरा हजारांवर जातात. परक्या समाजातील प्रमाण मावळाला जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे उघड आहे. परंतु औषधांचा साठा, तज्ज्ञांच्या भेटी, शाळेतील साहाय्यक यांची तरतूद साडेनऊशे मुलांसाठी करावयाची की साडेसात हजारांसाठी, हा फरक व्याख्येवर ठरत असेल तर व्याख्येचा वाद केवळ विद्वानांचा राहत नाही.

प्रश्न विचारण्याची रीत बदलता येते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने व्यंगाचे नाव न घेता अडचण विचारावी असा पायंडा पाडला. पाहताना, ऐकताना, चालताना अडचण येते का. येत असल्यास थोडी, पुष्कळ, की मुळीच जमत नाही. मुलांसाठीची त्यांची स्वतंत्र प्रश्नावली युनिसेफच्या सहकार्याने २०१६ मध्ये तयार झाली. मराठीत हा प्रश्न ‘त्याला ऐकायला त्रास होतो का’ असाच उतरतो. म्हणजे ज्या चतुर्थीच्या वाक्यात आई आपणहून बोलत होती आणि ज्याला १९०१ च्या रकान्यात थारा नव्हता, त्याच वाक्यात आता प्रश्न विचारता येतो.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता व विकासातील विलंब या चार सदरांखाली तीस स्थिती ठरवून, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करावी अशी ही योजना आहे. ‘विलंब’ हे सदर शासकीय पत्रकात प्रथमच इतक्या ठळकपणे आले. ‘बोलायला लागला नाही’ हे वाक्य नोंदण्याची सोय त्यामुळे झाली. परंतु मुलाला सवलत किंवा निर्वाहाचे साहाय्य मिळवावयाचे असेल तर बहुधा प्रमाणपत्र लागते, आणि २०१६ च्या कायद्यातील बहुतेक लाभांसाठी व्यंग किमान ४० टक्के असल्याचे ठरावे लागते. टक्केवारी ठरवण्यास वैद्यकीय मंडळासमोर उभे राहावे लागते. वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीवरून पुण्याला यावयाचे तर पावसाळ्यात त्यात सबंध दिवस व एका माणसाची मजुरी जाते. अंगणवाडीतील नोंदवहीत ज्या मुलापुढे ‘विलंब’ अशी खूण झाली, तेच मूल प्रमाणपत्राच्या यादीत न येणे त्यामुळे सहज शक्य असते. आणि शाळा सुटलेल्या किंवा आईबापांबरोबर कामाच्या शोधात गाव सोडलेल्या मुलाचे नाव दोन्हीकडे नसते. पुढील जनगणनेचे प्रगणक या खोऱ्यांतील दारांशी उभे राहतील तेव्हा त्यांच्या हातातील प्रश्न विशेषणात असेल की क्रियापदात, यावर या मुलांपैकी किती आकड्यांत येतील हे अवलंबून आहे.